राज्यसभेतल्या विरोधी बाकावरच्या खासदार साहेबांना खुले पत्र : भाषण झालं, आमचा प्रश्न कुठे आहे?

मा. खासदार साहेब,
राज्यसभा, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

आपलं नाव पत्रात घालत नाही. सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर गोदाकाठच्या गावांत जे पुढारी आले त्यांत आपणही होता. माझ्या बसलेल्या विहिरीच्या कडेला उभं राहून, चारचौघांसमोर आपण शब्द दिला होता की हिवाळी अधिवेशनात पहिला प्रश्न रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, थकलेल्या बिलांचा लावतो. अधिवेशन 1 डिसेंबरला सुरू झालं, 19 ला संपलं. आपला प्रश्न तारांकितमध्ये, म्हणजे तोंडी उत्तराच्या यादीत नाही, अतारांकितमध्ये, म्हणजे लेखी उत्तराच्या यादीत नाही, शून्य प्रहरात नाही आणि विशेष उल्लेखातही नाही. आपल्या नावावरचे सगळे प्रश्न मुलाने संकेतस्थळावरून काढून दिले, मी ते एकेक करून वाचले. त्यात विमानतळ आहे, महामार्ग आहे. आमची विहीर नाही.

रोजगारावरचं आपलं भाषण मात्र मी पूर्ण ऐकलं. आवाज छान लागला होता. रुपया, महागाई, लाडक्या उद्योगपतींची कर्जं, सगळं आलं. बेरोजगारी 3.2 टक्के हा सरकारी आकडा खोटा आहे असं आपण ठणकावून सांगितलंत आणि आपल्या बाजूची बाकं वाजली. साहेब, आकडा खोटा म्हणून काय होतं? तो काढतात कसा, हे विचारायला हवं होतं. ज्या सरकारी पाहणीतून हा आकडा येतो तिच्या नियमाप्रमाणे वर्षात तीस दिवस काम केलेला माणूससुद्धा रोजगार असलेल्यांत धरला जाऊ शकतो. माझी सून घरच्या रानात दिवसभर खुरपते, तिच्या हातावर रुपया पडत नाही, तरी ती रोजगारात मोजली जाते. हे एका वाक्यात विचारलं असतं तर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. भाषणाला उत्तर द्यावं लागत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता माझं ऐका, कारण आपण त्या दिवशी घाईत होता.

विहीर मनरेगातून, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालच्या रोहयोतून, मंजूर झाली. अनुदान चार लाखांवरून पाच लाखांवर गेलं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. खोदकाम सुरू झालं. वर माती आणि मुरूम, खाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. सुरुंगाचे टोटे उडवावे लागले. क्रेनवाल्याचं भाडं रोजच्या रोज. अकुशलची मजुरी रखडत रखडत का होईना, आली. कुशलचं बिल, म्हणजे सिमेंट, खडी, गवंडी यांचं, ते आलंच नाही. खडकापासून बांधकाम थोडं वर आलं आणि तिथे पैसे संपले. मातीचा थर उघडा राहिला. पावसाळ्याआधी बिल निघालं असतं तर बांधकाम काठापर्यंत आलं असतं. ते निघालं नाही, नदी रानात शिरली आणि तो सगळा थर बांधकामासकट आत बसला. आज वाकून पाहिलं तर गाळ दिसतो आणि त्यात अर्धी रुतलेली क्रेनची वायररोप.

कार्यालयात काय सांगतात? एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, झाली, जिओ टॅगिंग झालं, फाईल पुढे गेली, वरून निधी नाही. संगणकावर बसलेला पोरगा स्क्रीन आमच्याकडे वळवतो आणि लाल अक्षरांवर बोट ठेवतो. त्याचा दोष नाही, त्याचंही मानधन थकलेलं. साहेबाला विचारलं की साहेब म्हणतो जिल्ह्याला विचारा, जिल्हा म्हणतो नागपूरचं रोहयो आयुक्तालय, नागपूर म्हणे दिल्ली. दिल्लीत आपण बसता.

सिमेंटवाल्याची उधारी आहे. क्रेनवाल्याची आहे. बायकोची बोरमाळ बँकेत गहाण आहे, तिचं व्याज वेगळं. बाजारच्या दिवशी सिमेंटवाला समोरून दिसला की मी गल्ली बदलतो. साठीला आलेल्या माणसाने, ज्याने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही त्याने, चोरासारखं तोंड लपवून फिरायचं, आणि तेही सरकारने कबूल केलेल्या पैशांपायी. रात्री झोप लागत नाही. मुलगी दिवाळीला आली, तिला साडी घेता आली नाही. ती काही बोलली नाही, उलट जाताना आईच्या हातात पाचशेची नोट ठेवून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी सभागृहाच्या पटलावर ठेवू शकत नाही. आपण ठेवू शकत होता.

7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. बुजलेल्या विहिरीला 30 हजार. पोकलेन लावून गाळ काढायला घेतला तर इतके पैसे किती दिवस पुरतील हे कुठल्याही पोकलेनवाल्याला विचारा. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि 3 लाख रोहयोतून. रोहयोतून! ज्या योजनेत आमची जुनी बिलं अडकून पडली आहेत, त्याच योजनेतून नवीन तीन लाख मिळणार म्हणे. आपण पत्रकार परिषदेत पॅकेज फसवं आहे म्हणालात. पण हे तीन लाख कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबाच्या कोणत्या खात्यातून, येणार, केंद्राने त्यासाठी वाढीव मंजुरी दिली का, जुनी देणी आधी की नवी कामं आधी, यातलं काहीही आपण दिल्लीत विचारलं नाही.

आणि त्याच अधिवेशनात कायदाच बदलला. 2005 चा मनरेगा कायदा गेला, 'विकसित भारत जी राम जी' आला. शंभर दिवसांचे सव्वाशे दिवस केले, हे मोठ्या अक्षरांत. मजुरीचा सगळा खर्च केंद्र करत होतं, आता 60 टक्के केंद्राचे आणि 40 राज्याचे, हे बारीक अक्षरांत. पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची सोय, तीही बारीक अक्षरांत. महाराष्ट्राच्या डोक्यावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज आहे, ते हे 40 टक्के कुठून आणणार? राज्यसभेत मध्यरात्रीनंतर आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं. आपल्या बाकांवरून सभात्याग झाला आणि बाहेर धरणं झालं. धरणं धरलंत ते चांगलं केलंत, थंडीत बसलात. पण विधेयक मंजूर होत असताना आत राहून निदान एवढं तरी वदवून घ्यायचं की जुन्या कायद्याखाली थकलेल्या मजुरीचं आणि कुशलच्या बिलांचं काय होणार. जुना कायदा गेला म्हणून जुनं देणं जात नाही, एवढं मंत्र्यांच्या तोंडून कामकाजात नोंदवून घेतलं असतं तर मला कार्यालयात दाखवायला कागद मिळाला असता.

वंदे मातरम्‌वर दोन्ही सभागृहांत तासन्‌तास चर्चा झाली. त्या गीतासाठी मी आजही उभा राहतो. पण पूर येऊन गेलेल्या रानातल्या माणसाला त्यातली दोन मिनिटं मिळू नयेत?

खासदार साहेब, रोजगार हमी ही दिल्लीची देणगी नाही. ती या महाराष्ट्राची आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे तुमच्यासारखेच वरिष्ठ सभागृहातले. त्यांनी ही कल्पना मांडली, 1972 च्या दुष्काळात ती लोकांच्या पोटाला लागली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी 1975 पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. शहरातला कारकून वर्षाला अडीच हजार देतो, त्याला विचारा ते कशासाठी आहेत, बहुतेकांना सांगता येणार नाही. माझे वडील बहात्तरला खडी फोडायला गेले होते, दुष्काळात वाटलेली सुकडी खाऊन आम्ही पोरं जगलो. त्या काळी विरोधक मोर्चे काढत होते आणि सभागृहात कलमांवर भांडतही होते. आता मोर्चा फेसबुकवर निघतो आणि कलमं कुणी वाचत नाही.

सत्तेतल्यांना मी सोडलेलं नाही. त्यांनी निवडणुकीत 2,100 म्हटलं आणि लाडक्या बहिणींना महिन्याला 1,500 वर ठेवलं. पण तुम्हीही 3,000 म्हणाला होता. कर्जमाफी दोघांनीही कबूल केली होती. तुम्ही आकडा वाढवता, ते आकडा वाढवतात, आणि आमचं जे कायद्याने ठरलेलं घेणं आहे त्याबद्दल दोघेही गप्प. मजुरी पंधरा दिवसांत द्यायची, नाही दिली तर सोळाव्या दिवसानंतर रोज 0.05 टक्के भरपाई, असं कायद्यातच होतं. 312 रुपये रोजाने सहा दिवसांचे होतात 1,872, त्यावर दिवसाला 94 पैसे. तेसुद्धा आमच्या गावात कुणाच्या खात्यावर आलेले मी पाहिले नाहीत. तुमचा पगार 2023 पासून मागच्या तारखेने एक लाखाचा एक लाख 24 हजार झाला, बैठकीचा भत्ता दोन हजारांचा अडीच हजार. त्यावर तुमच्यापैकी कुणी सभात्याग केल्याचं माझ्या वाचनात नाही. तुम्हाला निवडून देतात आमदार, आम्ही नाही. म्हणून आमच्याकडे तुम्हाला पाडायला मतही नाही. आम्ही पत्रच लिहू शकतो.

माझं मागणं फार नाही. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी तुम्हाला राज्यात कुठेही खर्च करता येतात. त्यातून गावाला सभामंडप देऊ नका, तसलं आमच्याकडे आहे. फक्त प्रश्न लावा. पुढचं अधिवेशन येईलच, प्रश्नाची नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मसुदा तुमच्या स्वीय सहायकाला वेळ नसेल तर हा घ्या:

"ग्रामविकास मंत्री सांगतील काय : (क) मनरेगाअंतर्गत महाराष्ट्रात कुशल व अकुशल मिळून किती देणी थकीत आहेत, जिल्हावार तपशील; (ख) त्यांपैकी सिंचन विहिरींची देणी किती; (ग) नवीन कायदा लागू झाल्यानंतर ही देणी कोणत्या तारखेपर्यंत व कोणत्या निधीतून दिली जाणार; (घ) उशिराबद्दल मजुरांना दिलेली भरपाई किती; (ङ) भरपाई दिली नसल्यास, त्याची कारणे काय?"

तारांकित लावा. उपप्रश्न विचारताना बीड, जालना, परभणी, नांदेड यांची नावं घ्या. मी संसद टीव्ही लावून बसेन, आणि उत्तराची छापील प्रत काढून कार्यालयात घेऊन जाईन.

आपला,
गोदाकाठचा एक विहीर लाभार्थी