लाइफगार्ड दादा, मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात म्हणून. पण ओळखाल तुम्ही, समुद्रात ओढल्या गेलेल्या ज्या पोराला वाचवलंत, त्या पिवळ्या टी-शर्टवाल्याची आई. सुट्टी संपवून घरी आलो तरी अजून रात्री मधेच जाग येते, आधी त्याच्या अंगावरून हात फिरवते आणि मगच डोळा लागतो. तुम्ही नसतात तर काय, याच्या पुढे मन जातच नाही माझं.

राग आहे तो आधी सांगून टाकते. हॉटेलच्या रिसेप्शनवर मी मुद्दाम विचारलं होतं, की इथे मुलांना पाण्यात सोडलं तर चालेल का, पाण्याला ओढ वगैरे आहे का. "एकदम शांत पाणी आहे मॅडम, बिनधास्त जा." झालं. लाल-पिवळे झेंडे लावलेला भाग थोडा पुढे आहे, लाइफगार्डचं लक्ष तिथेच असतं, पोहायचं तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहा, एवढं सांगायला एक मिनिट लागलं नसतं हो! उलट समोरचाच तुकडा दाखवला, लाटा फुटत नाहीत म्हणून. आणि नेमका तोच रिप करंट होता. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जायला वाट शोधतं आणि तो वाटेचा पट्टा वरून शांत दिसतो, हे त्या लोकांना माहीत नसेल असं मला वाटत नाही, रोज तिथेच असतात ते.

पोरगं ओरडलंसुद्धा नाही. बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो असं सगळ्यांना वाटतं पण बऱ्याचदा तसं काहीच होत नाही, तोंड पाण्याच्या वर ठेवण्यातच सगळा जीव जातो, हाक मारायला श्वास उरत नाही. काठावर इतकी माणसं होती, त्यातले कितीतरी मोबाईल काढून उभे होते. तुम्ही तिकडून पळत आलात, याचे बाबा कपड्यांसकट उडी मारणार तेवढ्यात तुम्ही त्यांचा दंड धरलात, "तुम्ही उतरू नका, त्याच्यावरची नजर काढू नका, बोट दाखवत राहा." वाचवायला गेलेला माणूसच बुडतो असं किती वेळा वाचलंय आपण, त्या दिवशी आमच्या घरातही तेच झालं असतं.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, ते नाही लिहीत.

मला लिहायचंय ते त्यानंतरचं. त्याला तपासून झालं, आता जातील आपल्या जागेवर असं वाटलं, तर तुम्ही दुसऱ्या सहकाऱ्याला टॉवरवर पाठवलंत आणि ओल्या अंगानेच त्याच्या शेजारी वाळूत बसलात. बोटाने दोन्हीकडे लाटांच्या रेषा काढल्यात, मधे मोकळी गल्ली ठेवलीत, त्यात एक छोटा शिंपला ठेवलात आणि म्हणालात, हा तू. हे पाणी तुला खाली ओढत नाही, फक्त आत नेतं. त्याच्याशी भांडायचं नाही, भले भले पोहणारे त्यात थकतात. पाठीवर पडायचं, तरंगायचं, हात वर करायचा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला पोहायचं. मग त्यालाच म्हणालात, आता तू बाहेर ये बघू. त्याने शिंपला सरळ काठाकडे ढकलला, तुम्ही काही न बोलता परत गल्लीत ठेवलात. दुसऱ्यांदा त्याने तो बाजूला सरकवला, लाटांच्या रेषांपर्यंत. "बरोब्बर. इथून पुढे लाटाच तुला काठाकडे ढकलतील."

आणि मग जे म्हणालात ना दादा, "तुझं काही चुकलं नाही, तुला कोणी सांगितलंच नव्हतं." तोपर्यंत तो दगडासारखा बसला होता, ते ऐकून धाय मोकलून रडला आणि मीही रडले. आजूबाजूचे सगळे आईबापांना अक्कल शिकवत होते, तुम्ही एकटेच त्याच्याशी बोललात. जीव वाचवणं ही ड्युटी म्हणाल तुम्ही, पण हे कुठल्या ड्युटीत बसतं? अशी माणसं असतात म्हणून परक्या गावात मुलांना घेऊन जायची हिंमत होते.

आता तो स्विमिंगच्या क्लासला जातोय, पाठीवर तरंगायचं आधी शिकवा असं सरांना स्वतःहून सांगितलंन. हॉटेलला मी लेखी कळवलंय की रिसेप्शनवर झेंड्यांची माहिती मोठ्या अक्षरात लावा, अजून उत्तर नाही, मी सोडणार नाहीये. तुमच्या टॉवरवर धड सावली पण नव्हती, भर दुपारी डोळ्यांवर हात धरून बघत होतात तुम्ही. त्याबद्दलही अर्ज करायचाय मला, कोणत्या ऑफिसला करायचा तेवढं कळवा.

तुमची,
पिवळ्या टी-शर्टवाल्याची आई