काकू, तुमच्या त्या पहिल्या ग्लाससाठी थँक्यू

काकू,

समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल गं, काहीतरीच तुझं" म्हणून विषय बदलणार हे पक्कं माहितीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाहीये, नाहीतर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही. पार्टी होऊन गेली, भांडी घासून झाली, तरी त्या संध्याकाळबद्दल बोलायला लागले की माझा आवाज अजून जड होतो आणि घरचे हसतात, म्हणतात गरम वाईन आणि एगनॉगसाठी (ते दूध-अंड्याचं पेय) रडतेस काय. हसू देत. ज्याच्या घरात दारू सोडलेला माणूस आहे त्यालाच कळतं वर्षअखेरची पार्टी म्हणजे काय टेन्शन असतं ते.

दादाने सोडल्यापासून आमच्याकडे पार्टीच होत नव्हती, आणि दुसऱ्यांकडे गेलो की ठरलेला सीन. सगळ्यांच्या हातात काचेचे ग्लास, त्यातून वाफा येतायत, दालचिनीचा वास, वर संत्र्याची चकती, आणि दादाच्या हातात कागदी कप, त्यात फ्रीजमधून काढलेला ज्यूस. ऐन थंडीत थंडगार. वर कोणीतरी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडणार, "अरे तू घेत नाहीस ना, तुझं वेगळं ठेवलंय!" मुद्दाम कोणी करत नाही, मान्य, पण तो कप हातात आला की दादाचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय, आणि मग तो मोबाईल काढतो आणि गॅलरीत जातो आणि घरी निघेपर्यंत तिथेच.

म्हणून यंदा म्हटलं, घरीच करूया, नीट शिकून. पैसे भरून एक ऑनलाइन क्लास लावला. तिथे विचारलं की घरात दारू सोडलेला माणूस आहे, त्याला मल्ड वाईन, म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाईन, चालेल का, तर उत्तर काय, "गरम केली की अल्कोहोल उडून जातं, बिनधास्त द्या." वर हसरा इमोजी. अहो दादाच्या डायसल्फिरामच्या, म्हणजे दारू सुटलेली राहावी म्हणून देतात त्या, गोळ्या चालू आहेत, त्यावर थोडं जरी अल्कोहोल पोटात गेलं तरी चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, आणि गोळी बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा त्रास होऊ शकतो. आणि हे बिनधास्त म्हणे!

बरं ते "उडून जातं" पण खरं नाहीये. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक तक्ता आहे, त्यात पदार्थ मंद आचेवर 15 मिनिटं शिजवला तरी 40 टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने 25 टक्के, अडीच तासांनीसुद्धा 5 टक्के. नुसतं गरम द्रवात ओतून ढवळलं तर 85 टक्के तसंच. आणि मल्ड वाईन तर उकळायचीच नसते, उकळली की चव मरते, म्हणजे तिच्यात किती उरत असेल हिशोब करा. पैसे घेऊन शिकवणाऱ्याला एवढं माहिती नसावं? नसेल माहिती तर "माहिती नाही" म्हणावं की सरळ, कोणी मारत नाही. नातेवाईकांनी तर त्याहून कडी केली, एका घोटाने काय होतंय म्हणे, आणि हे म्हणणाऱ्यांनी दादाला दवाखान्यात एकदाही बघितलेलं नाही.

या सगळ्यावर वैतागून मी तुमच्याकडे आले होते ती फक्त मोठं पातेलं मागायला. तुम्ही पातेलं काढता काढता विचारलंत, "न पिणारं कोण कोण आहे?" किती माणसं येणार, वाईन कुठली घेतलीस, काही नाही, पहिला प्रश्न हा. मी दादाचं सांगितलं, गोळ्यांचंही सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मग दोन पातेली लागतील," आणि दुसरं काढलंत.

मग आमच्या ओट्यावर येऊन तुम्ही जी झडती घेतलीत ती! व्हॅनिलाची बाटली उचलून, चष्मा वर करून लेबल वाचलंत आणि बाजूला ठेवलीत. मला खरंच माहिती नव्हतं की खऱ्या व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये अल्कोहोल असतं, अमेरिकेत तर निदान 35 टक्के असलंच पाहिजे असा नियम आहे. एगनॉगमध्ये चमचाभरच जातं म्हणा, पण तुम्ही म्हणालात व्हॅनिलाची शेंग आहे माझ्याकडे, ती वापरू. नॉन-अल्कोहोलिक वाईन आणू का विचारलं तर त्यालाही नाही म्हणालात, कारण 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी बऱ्याच ठिकाणी तसं लेबल लावता येतं, आणि दुसरं म्हणजे वास तोच असतो, दारू सुटलेल्या माणसाच्या नाकाखाली तोच वास कशाला धरायचा. हे दुसरं कारण माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अल्कोहोलच्या टक्क्यांचं कोणीही वाचून सांगेल, पण वासाचा विचार करायला समोरच्याबद्दल थोडी माया लागते.

अख्खी रेसिपी इथे लिहीत नाही, ती तुमची आहे. पण ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांच्यासाठी एवढं सांगतेच की द्राक्षाचा आणि डाळिंबाचा रस नुसता मसाला घालून गरम केला तर ते गरम सरबत लागतं, लहान मुलांचं. वाईन प्यायल्यावर जीभ जी आखडल्यासारखी होते ती टॅनिनमुळे, आणि टॅनिन कडक काळ्या चहातही असतं, म्हणून काकू रसात चहा घालतात. घशाला जो चटका लागतो तो आलं आणि अख्खी मिरी देतात, गोडपणा मोडायला शेवटी लिंबू. मसाले अख्खेच घालायचे, पूड घातली की तळाशी गाळ बसतो. संत्र्याची साल घेताना आतला पांढरा भाग आला की कडू होतं, आणि लवंग हात आखडून, जास्त झाली की जिभेला बधिरपणा येतो. एगनॉगमध्ये रम घातलीच नाही, ती बाटली वेगळी ठेवली, हवी त्याने आपल्या ग्लासात घालावी. दूध आणि अंड्याचं बलक मंद आचेवर 71 डिग्रीपर्यंत, थर्मामीटर लावून, म्हणजे कच्च्या अंड्याची भीती नाही. वर जायफळ किसून, आयत्या वेळी.

दोन्ही पातेल्यांचा रंग सेम दिसत होता. तुम्ही पिशवीतून लाल दोरा काढलात, दादाच्या पातेल्याच्या डावाला दांड्यावर तीन वेढे देऊन गाठ मारलीत आणि मला म्हणालात, "हा डाव त्या पातेल्यात गेला तर सगळं फुकट." बस. बाकी कोणाला त्या दोऱ्याचा अर्थ सांगितला नाहीत.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

माणसं आली, गप्पा सुरू झाल्या, दादा नेहमीसारखा दाराजवळ उभा, एक पाय गॅलरीत. तुम्ही ओट्यावर ग्लास मांडलेत, सगळे एकसारखे, कानवाले, काचेचे. पहिला ग्लास लाल दोऱ्याच्या डावाने भरलात. मला वाटलं आता दादाला हाक मारणार आणि परत तेच, सगळे वळून बघणार. तुम्ही त्यात संत्र्याची चकती टाकलीत, दालचिनीची काडी उभी केलीत, आणि स्वतःच एक मोठा घोट घेतलात. मग तोच डाव घेऊन दुसरा ग्लास भरलात, तशीच चकती, तशीच काडी, आणि जाता जाता दादाच्या हातात देऊन त्याला म्हणालात, "बघ रे, आलं जास्त झालंय का?"

एवढंच. त्याला कसं वाटेल, त्याचं कौतुक, त्याची हिंमत, एक शब्द नाही. पार्टीभर तुम्ही त्याच पातेल्यातलं प्यायलात, आणि तुम्ही वाईन घेता हे मला चांगलं माहितीये. दादाने चव घेतली, विचार केला, आलं बरोबर आहे म्हणाला, मिरी अजून चालेल. मग तुमचं दोघांचं मिरीवरून जे सुरू झालं ते संपेचना, माझी मैत्रीण त्यात घुसली, तिलाही त्यातलंच हवं झालं, आणि दादा गॅलरीत गेलाच नाही. मी आत जाऊन तोंड धुऊन आले, तुम्ही बघितलंत, काही विचारलं नाहीत, तेही बरं केलंत.

काकू, मदत करणारे खूप असतात हो, पण बरेच जण मदत करताना समोरच्याला खुर्चीवर उभं करून दाखवतात, बघा याला मदत केली. सूट देतात आणि सूट दिल्याचं सांगतात. तुम्ही दादाला काही वेगळं दिलंच नाहीत, तुम्ही जे पीत होतात तेच त्याला दिलंत. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठ्या देणग्या आणि सत्कार आठवतात, मला आता तुमचा तो घोट आठवतो, जरा फुर्रकन आवाज करून घेतलेला. (आवाज करता तुम्ही, हो. सगळ्यांना ऐकू येतो.)

आणि त्या क्लासवाल्यांना मी मेसेज केलाय, तक्त्याच्या फोटोसकट. उत्तर नाही. इमोजी पण नाही.

दादाचा निरोप आहे तुम्हाला, स्वतः लिहिणार नाही तो, आळशी आहे. म्हणतो पुढच्या वेळी लाल दोऱ्याचं पातेलं मोठं घ्या, कारण तेच आधी संपलं, आणि मिरीच्या बाबतीत तो अजूनही त्याच्या म्हणण्यावर ठाम आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची