पीकोट अंगावर नीट बसवून दिल्याबद्दल काकूंना जाहीर थँक्यू

काकू, साष्टांग नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. आणि दुसरं असं की शिकागोची थंडी सुरू झाली की मंडळातल्या निम्म्या पोरांना हाच प्रश्न पडतो, कोट कुठला घेऊ आणि साइझ काय घेऊ, तर त्यांच्याही कामाला येईल.

झालं होतं असं की माझा आतेभाऊ पुण्याला परत गेला आणि जाताना त्याचा अमेरिकन नेव्हीवाला पीकोट, म्हणजे खलाशी घालतात तो दोन ओळी बटणांचा आखूड कोट, मला देऊन गेला. जाडजूड लोकर, नांगर कोरलेली बटणं, फुकटात मिळालेला, अजून काय पाहिजे. फक्त तो होता ४२ रेग्युलर, म्हणजे ४२ इंच छातीच्या, मध्यम उंचीच्या माणसाचा, आणि मी छातीत ३८. घराजवळच्या एका अल्टरेशनवाल्याने कोटाकडे धड बघितलंही नाही आणि होऊन जाईल म्हणाला, बाजूने मारू, बाह्या कापू, पैसेही बरेच सांगितले. मग तो तुमच्याकडे शिवणाला आणला. तुम्ही मात्र कोट अंगात घालायला लावलात, सगळी बटणं लावायला लावलीत, मागे येऊन दोन्ही खांदे चिमटीत धरून बघितलेत आणि सरळ म्हणालात, "हा मी करणार नाही. आणि तू पण कुणाकडून करून घेऊ नकोस."

काकू, खरं थँक्यू या नाहीसाठी आहे. कारण हातात आलेलं काम कोण सोडतं हो?

नंतर तुम्ही जे समजावलंत ते अजून पाठ आहे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला पाहिजे, माझी दंडावर उतरली होती. ती वर आणायची तर बाही मुंढ्यापासून (बाही जिथे जोडतात त्या गोलाईपासून) सोडवायची, अस्तर उसवायचं, आतलं पॅडिंग हलवायचं, मुंढा नव्याने कापायचा आणि एवढ्या जाड लोकरीत ती बाही सुरकुती न पडता परत चढवायची, म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवण्यासारखंच, आणि तरी तो मूळ कोटासारखा दिसेल याची गॅरंटी नाही. बरं बाजूने चार इंच मारले तर? पीकोटचे खिसे उभे असतात, हात गरम ठेवायला, ते पुढच्या भागात कापलेले असतात, बाजू आत घेतली की खिसे सरकून पार बगलेखाली जातात आणि हात घालायला कोपर मागे न्यावं लागतं. उंची कमी करायला गेलं तर खिशाचं खालचं टोक आणि कोटाची कड यात जागाच उरत नाही. माझ्या डोक्यात कोट म्हणजे कापड, मारलं की झालं, एवढंच होतं. तुम्ही खडूने कोटावरच रेघा मारून दाखवलंत तेव्हा कुठे प्रकाश पडला.

मग तुम्हीच म्हणालात की अरे आपण राहतो कुठे, इथून उत्तरेला मेट्रा ट्रेनने गेलं की ग्रेट लेक्स नावाचा नेव्हीचा तळ, अमेरिकेच्या नेव्हीचा एकमेव बूट कॅम्प तिथे आहे, सगळे नवे खलाशी तिथूनच शिकून बाहेर पडतात, तर या भागात जुने पीकोट मिळणार नाहीत तर कुठे मिळणार. नेव्हीने काही वर्षांपूर्वी नव्या पोरांना पीकोटऐवजी काळा पार्का (टोपीवालं जाड जॅकेट) द्यायला सुरुवात केली, पण जुने कोट काही कुठे गेले नाहीत, सरप्लसच्या (सैन्याचा उरलासुरला माल विकणाऱ्या) आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात पडून असतात. आणि तुम्ही माझ्याबरोबर आलात पण, गुडघा दुखत असताना. (काका गाडीतच क्रिकेट ऐकत बसले, त्यांनाही थँक्यू.)

दुकानात तुम्ही लेबल वाचायला शिकवलंत ते तर मला फारच आवडलं. आतल्या खिशाजवळच्या लेबलवर कंत्राटाचा नंबर असतो, डीएसए (सैन्यासाठी खरेदी करणारं खातं) १००-७१ असं काही असेल तर कोट १९७१ च्या कंत्राटातला, आणि डीएसएच्या जागी डीएलए असेल तर समजायचं १९७७ चा किंवा त्यानंतरचा, कारण त्या वर्षी त्या खात्याचं नावच बदललं. जुन्या कोटांना कर्सी नावाची घट्ट लोकर, नंतरच्यांना मेल्टन नावाची. मला विचाराल तर कर्सीचा हात वेगळाच लागतो, मॉलमधले पॉलिस्टर मिसळलेले पीकोट त्याच्यापुढे पांघरुणासारखे पातळ वाटतात, पण ज्याची त्याची आवड आणि ज्याचं त्याचं बजेट.

फिटचं मात्र बजेटशी देणंघेणं नाही, म्हणून ते इथे नीट लिहितो. लेबलवरचा ३८ म्हणजे आपल्या छातीचं माप, कोटाचं नाही. माझा ३८ रेग्युलर बगलेपासून बगलेपर्यंत आडवा मोजला तर २१ इंच भरतो, म्हणजे घेर ४२, म्हणजे आत स्वेटर मावायला चार इंच आधीच धरलेत, तेव्हा जाड स्वेटर घालायचाय म्हणून एक साइझ मोठा घ्यायची गरज नाही. रेग्युलर, शॉर्ट, लाँग हे उंचीसाठी. ट्रायल घेताना तो स्वेटर घालूनच जायचं, टीशर्टवर घालून बघण्यात अर्थ नाही. सगळी बटणं लावायची, मग दोन्ही हात पुढे करून कुणाला तरी मिठी मारल्यासारखं करायचं, पाठीत ताण आला तर लहान. कोटाची कड बसायच्या भागाच्या खाली यायला पाहिजे, पण मांडीवर लोंबायला नको. बाही हात खाली सोडल्यावर मनगटाचं हाड झाकून अंगठ्याच्या मुळाशी यावी. कॉलर उभी करून वरचं बटण लावून बघायचं, गळा आवळतो का ते तिथेच कळतं. आणि दोन्ही कडांना काजी असतील तर कोट दोन्ही बाजूंनी लावून बघायचा, डावी बाजू वर आणि उजवी बाजू वर, म्हणजे वारा जिकडून येईल तिकडची बाजू वर घेता येते. लेकच्या कडेने ऑफिसला चालत जाणाऱ्याला हे किती कामाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं जमलेला कोट मिळाला तरी बाही इंचभर लांब होती आणि कमरेत थोडा ढगळ होता, आणि ते काम मात्र तुम्ही हसत घेतलंत. बाहीचं अस्तर हाताने उसवून, आत भरपूर माया (शिवणीतलं जादा कापड) ठेवून दुमडलंत, कमरेतलं पाठीच्या मधल्या शिवणीतून अगदी थोडं घेतलंत, बाजूंना हात लावला नाहीत म्हणून खिसे जिथल्या तिथे राहिले. ओला सुती पंचा टाकून इस्त्री केलीत, लोकरीला चकाकी येऊ नये म्हणून. अस्तरावर कुण्या जुन्या खलाशाचं नाव स्टेन्सिलने छापलेलं होतं, त्याच्या आजूबाजूने टाके घातलेत पण नावाला धक्का लागू दिला नाहीत. आणि सैल झालेली बटणं परत लावताना प्रत्येक नांगर सरळ उभा आहे ना हे बघत होतात, एक जरा तिरका बसला तर दोरा कापून परत लावलात. मी म्हटलं कोण बघतंय काकू, तर तुम्ही वरही बघितलं नाहीत.

पैसे तर तुम्ही घेतले नाहीतच. आईने काळा मसाला पाठवलाय, तो घेऊन शनिवारी येतोय, नाही म्हणू नका. आणि हो, तो ४२ वाला कोट माझ्या रूममेटला दिला, तो आमचा साताऱ्याचा पैलवान, त्याला खांद्यात मस्त बसतोय पण बाही आखूड पडतेय. आत किती माया आहे ते बघून सांगाल का? त्यालाही आणतो बरोबर, चहा दोन कप जास्त टाका.

तुमचाच,
मंडळातला ३८ रेग्युलर