टायरमधली हवा आधी बघा

महोदय,

नाताळात अ‍ॅडलेड-मेलबर्नच्या मुलांकडे जाणारे आईवडील हल्ली ‘आउटबॅक’चाही, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड मुलखाचाही, बेत आखतात. जरूर आखावा, पण डिसेंबरात नको. तेव्हा तिथे ऐन उन्हाळा असतो. सिम्प्सन वाळवंटाचं उद्यानही 1 डिसेंबर ते 15 मार्च बंद असतं. जून ते ऑगस्ट बरा.

मरी (नावाने दचकू नये, गाव चांगलं आहे) ते बर्ड्सव्हिल हा 517 किलोमीटरचा कच्चा रस्ता घ्या. फोर-व्हील-ड्राइव्ह मिळाली की झालं, असं अनेकांना वाटतं. खरी कसोटी टायरची. डांबरीवरची 36-38 पीएसआय हवा तशीच ठेवली, तर इथले टोकदार दगड ताठ टायर फाडतात. ती 28च्या आसपास आणली की टायर दगडावर दबून पुढे जातो. मात्र मग त्याच्या बाजू जास्त वाकतात, तापतात. म्हणून वेग 80च्या आत. सकाळी थंड टायरची हवा मोजा, तासाभराने पुन्हा मोजा. 4 पीएसआय वाढली असेल तर ठीक. 6-7 वाढली, तर हवा फार कमी आहे किंवा वेग जास्त. स्टेपन्या दोन घ्या, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. भुसभुशीत मातीत जॅक वर न जाता खालीच रुततो.

पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्याने चाकांचे नट, बॅटरीची पट्टी, टपावरचं सामान सैल होतं. प्रत्येक थांब्यावर हात लावून बघा. वाटेत पंप एकच, मंगेरॅनीला, मरीपासून 204 किलोमीटरवर. पुढे 313 किलोमीटर काही नाही, त्यामुळे डिझेलचा हिशेब शहरातल्या मायलेजवर करू नका. 53 मीटर लांबीची रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक) समोरून आली, तर डावीकडे थांबा आणि धूळ बसल्यावरच निघा.

पाणी माणशी रोज किमान 5 लिटर, वर तीन दिवसांचा जादा साठा, तोही वेगवेगळ्या कॅनमध्ये. एक फुटला तरी बाकीचे राहतात. मोबाइलला रेंज नसते, सॅटेलाइट फोन किंवा बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) घ्या. गाडी बंद पडली तर सोडून जाऊ नका. 1963च्या डिसेंबरात याच रस्त्यावर इंधन संपल्यावर गाडी सोडून गेलेलं पाच जणांचं कुटुंब दगावलं. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

आणि भाड्याची गाडी असेल, तर करारात कच्च्या रस्त्याची परवानगी आहे का, हे सही करण्याआधी वाचा.

— एक वाचक, अ‍ॅडलेड