काटोलच्या जमिनीबद्दल आणि संकराबद्दल

नागपूर, जानेवारी

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, फोनच लावणार होतो पण म्हटलं हे फोनवर नाही जमायचं, एकदा नीट बसून लिहू. काटोलकडची घरची जमीन आता तू स्वतः पाहणार हे वाचून लई आनंद झाला बावा, खरंच. बगीचा पुन्हा उभा कर, कोरडवाहूत कापूस घे, बांध वाचव, सगळं कर. फक्त शेवटी तू जो नियम लिहिलाय ना, की शुद्ध देशी तेवढंच लावायचं आणि संकर झालेलं काही म्हणजे काहीच नको कारण संकर ही निसर्गातली माणसाची ढवळाढवळ आहे, तिथे मी अडकलो. आपण दोघं एकाच वर्गात बॉटनी शिकलो, मी अजून तेच शिकवून राहिलो, म्हणून हे न बोलता सोडवत नाही.

सुरुवात तुझ्या संत्र्यापासूनच करतो. तू लावणार ते कलम म्हणजे खाली मुळासकट जंभेरीचं रोप, म्हणजे खुंट, आणि वर त्यावर बसवलेली नागपुरी संत्र्याची कळी, म्हणजे डोळा. तो जंभेरी स्वतः संकर आहे, मंडारिन (सैल सालीचं संत्रं) आणि महाळुंग (जाड सालीचं मोठं लिंबू) यांच्यातला. काही जण रंगपूर लाइमचा खुंट घेतात, तोही त्याच दोन घराण्यांतला संकर. मोसंबी घे, ती गोड संत्र्याच्या जातीतली, म्हणजे पपनस आणि मंडारिन यांच्या मिसळणीतून आलेली. पोह्यांवर पिळतो ते कागदी लिंबू फिलिपीन्सकडच्या एका रानटी लिंबूवर्गीय झाडाचं आणि महाळुंगाचं लेकरू. 2018 मध्ये लिंबूवर्गाच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास आला, त्यात तर असं निघालं की आपण आज खातो त्या बहुतेक गोड मंडारिन जातींत पपनसाचे तुकडे मिसळलेले आहेत, कुठे कमी कुठे जास्त. म्हणजे शुद्ध शोधत शोधत तू मागे गेलास तर तुझ्या हातात जे फळ येईल ते आंबट आणि बियाळ असेल, नागपूरचा संत्रा नसेल.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. लिंबूवर्गाचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्वेकडचा भाग, उत्तर म्यानमार, युनानचा पश्चिम भाग, तिकडे. साधारण 80 लाख वर्षांपूर्वी त्या भागातला मान्सून कमजोर पडत गेला, हवा कोरडी होत गेली, आणि तेव्हाच या झाडांचे पूर्वज भराभर पसरले आणि वेगवेगळ्या जाती झाल्या. नंतर या जाती पुन्हा एकमेकींना भेटल्या, काही आपोआप, काही माणसाने शेजारी शेजारी लावल्या म्हणून, आणि संकर झाले. आधी हवामानाने वेगळं केलं, मग संकराने एकत्र आणलं. झाडांच्या इतिहासात हे दोन्ही आलटूनपालटून चालूच असतं, आणि मला तुला जे सांगायचंय ते एवढंच आहे की यातलं एक काढून दुसरं समजत नाही.

बरं, संत्र्याची अजून एक खुबी. जंभेरीचं बी फोडून पाहशील तर आत बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त गर्भ सापडतात. त्यातले बरेचसे परागातून नाही, आईच्याच पेशींतून तयार झालेले, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. म्हणून तर नर्सरीवाल्याला बियांपासून सारखी रोपं मिळतात आणि जे एखाददुसरं वेगळं दिसतं, पान वेगळं किंवा वाढ खुरटी, ते तो उपटून टाकतो. आता विचार कर, एखादा चांगला जमलेला संकर पुढच्या पिढीत फुटून विखुरला असता, तो या झाडाने बियातच जपून ठेवला. यात माणसाचा हात नाही, हे झाडाचं स्वतःचं.

कापसाचं तर काय सांगू. आपल्याकडे देशी कापूस आणि अमेरिकन कापूस हे दोन शब्द लहानपणापासून ऐकतोय, पण शिकवायला लागल्यावर मला ती गोष्ट खरी भिडली. देशी कापसात 26 गुणसूत्रं, अमेरिकन कापसात 52. ही 52 आली कुठून? 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियाकडच्या कापसाच्या वंशातली एक जात कशीतरी अमेरिकेत पोचली, बहुधा समुद्रावरून बी वाहत गेलं, आणि तिकडच्या एका रानटी कापसाशी तिचा संकर झाला. त्या रानटी कापसाची आजची सगळ्यात जवळची नातेवाईक जात पेरूमध्ये आहे, म्हणजे पेरू देशात, आणि तिला सूत निघेल असा धागाच नाही. तरी त्या दोघांच्या वंशजाचा धागा लांबीला आणि मजबुतीला देशीपेक्षा सरस निघाला, आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की त्या बिनधाग्याच्या बाजूकडून आलेल्या गुणसूत्रांचाही धाग्याच्या दर्जात मोठा वाटा आहे. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मला दरवेळी तेवढंच आश्चर्य वाटतं.

पण संकर झाला म्हणून जात झाली असं नाही, इथे लोक घाई करतात. देशी आणि अमेरिकन कापसाचा आज संकर केला तर पोराला 13 इकडून आणि 26 तिकडून अशी 39 गुणसूत्रं मिळतात, बीजपेशी (पराग आणि अंडपेशी) तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागत नाहीत आणि झाड वांझ निघतं. म्हणूनच आपल्या भागात दोन्ही कापूस धुऱ्याला धुरा लागून उभे असले तरी एकमेकांत मिसळून गेले नाहीत. वांझपणातून सुटायचा एक मार्ग म्हणजे गुणसूत्रांची दुप्पट होणं, मग प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि झाड पुन्हा बी धरतं, आणि त्याच झटक्यात ते आईबापांपासून तुटतं, कारण आता त्यांच्याशी सहज संकर होत नाही. त्या जुन्या अमेरिकन संकरात हेच घडलं. फोडणीतली मोहरीही अशीच आहे, काळ्या मोहरीची 8 आणि सलगमाच्या जातीतली 10, बीजपेशीतली अर्धी अर्धी धरून, एकत्र 18 आणि दुप्पट होऊन 36. हे कोडं 1935 मध्ये कोरियन वंशाच्या वू जांग-चून यांनी सोडवलं, जपानमध्ये काम करताना. गव्हाचंही तेच, कास्पियन समुद्राच्या आसपास शेतातला गहू आणि शेजारचं रानगवत यांचा संकर. ते तुला आठवत असेलच.

आता तू म्हणशील की गुणसूत्रं दुप्पट झाली, जात सुटी झाली, मग यात हवा-मातीचा काय संबंध. माझ्या मते सगळ्यात मोठा संबंध तिथेच आहे, आणि त्यासाठी सूर्यफूल बघ. अमेरिकेत दोन रानटी सूर्यफुलं आहेत, एक भारी चिकण मातीत राहणारं, दुसरं कोरड्या वाळूसर जमिनीत. त्या दोघांच्या संकरातून तीन नव्या जाती झाल्या, आणि यात गुणसूत्रं दुप्पट झालीच नाहीत, आईबापांची 34 तशी पोरांची 34. मग या वेगळ्या राहिल्या कशा? एक राहते वाळूच्या टेकड्यांवर, एक वाळवंटाच्या सपाट तळावर, आणि तिसरी टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या खाऱ्या दलदलीत, म्हणजे तिन्ही अशा जागी जिथे दोन्ही आईबाप तग धरू शकत नाहीत! लोरेन रिझबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा काळ यावर घातला. त्याच्या गटाने आईबापांचे नव्याने संकर केले, पिढ्या वाढवल्या आणि पाहिलं तर जनुकांची जुळणी त्या जुन्या रानटी जातीसारखीच होत गेली, म्हणजे इतिहास बराचसा पुन्हा घडला.

आईबापाला जमत नाही ते पोराला कसं जमतं, हा प्रश्न पोरं वर्गात हमखास विचारतात. खारेपणा सोसायला मदत करणारी काही जनुकं आईकडे असतात आणि काही बाधक, बापाकडेही तसंच पण वेगळ्या जागी, म्हणून दोघांचंही आपापलं बरोबरीत सुटतं. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसले की कधी एखाद्याच्याच हातात सगळी हुकमाची पानं येतात, तशी पोरांपैकी थोड्यांत दोन्हीकडची मदतीची जनुकं गोळा होतात. बाकीची पोरं मरतात किंवा कुचमतात. आणि हे थोडे आईबापांच्याच जमिनीत राहिले असते तर गर्दीत हरले असते, पुन्हा आईबापांशी संकर होऊन विरून गेले असते. रिकामी खारी जमीन मिळाली म्हणून ते टिकले. दोस्ता, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. संकर तर होतच असतात, पण नव्या संकराला उभं राहायला नवी जागा लागते. एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकातच हे ओळखलं होतं, की संकर जास्त करून दिसतात ते जिथे जमीन मोडलेली आहे तिथे, रस्त्याच्या कडेला, तोडलेल्या जंगलात, सोडून दिलेल्या शेतात.

आणि जागा झाडाला खरंच बदलते का, पिढ्यान्‌पिढ्या, की फक्त त्या वेळेपुरती? तुझा अंबिया बहार घे, म्हणजे संत्र्याचा थंडीच्या शेवटी येणारा फुलोरा. पाणी तोडून ताण देतो, झाड फुलतं, ते त्या झाडाचं तेवढ्यापुरतं उत्तर आहे, त्याच्या बियात काही लिहिलं जात नाही. उत्क्रांती म्हणजे वेगळं. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हीसी या तिघा शास्त्रज्ञांनी एकाच झाडाचे तुकडे करून ते तीन उंचीवर लावले, समुद्राजवळ, मध्यावर आणि 3000 मीटरवर. एकाच झाडाचे तुकडे म्हणजे जनुकं तीच, फरक फक्त जागेचा. किनाऱ्याकडून नेलेली झाडं वरच्या थंडीत टिकेनात आणि डोंगरावरची खाली आणल्यावरही बुटकीच राहिली. एकाच जातीत जागेजागेप्रमाणे बसलेले वंश असतात हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे पूर्व विदर्भात जा, भंडारा-गोंदियाच्या बोड्यांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या काठाला रानटी धान दिसतं, उन्हाळ्यात पाणी आटायच्या आत फुलून बी टाकून मरणारं. त्याचाच भाऊबंद खोल, बारमाही पाण्यात वर्षानुवर्षं जगतो. पाणी किती महिने टिकतं एवढ्यावर दोन वेगळी आयुष्यं झाली. आणि हेच रानटी धान बांधीतल्या धानाशी संकर करतं, शेतकरी वैतागतो, ते खरंय, पण 1970 च्या दशकात भाताच्या एका विषाणू रोगाला तोंड देणारं जनुक फिलिपीन्सच्या संशोधन संस्थेला मिळालं ते उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या अशाच रानटी धानाच्या बियांतून.

संकर नेहमी चांगलाच असतो असंही मी म्हणत नाही. सेमिनरी हिल्सवर, गोरेवाड्याला जी घाणेरी माजलीय ना, ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडच्या जातींचे युरोपातल्या बागांसाठी संकर करत करत झालेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याला आणली, आणि आज तिच्याखाली आपलं गवत उगवत नाही. तिलाही मोडलेली जमीनच मिळाली, आपणच दिली.

म्हणून तुझ्या नियमाबद्दल. देशी कापूस लाव, मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे, पण तो शुद्ध आहे म्हणून नाही. तो आपल्या काळ्या जमिनीत, बेभरवशाच्या पावसात शेकडो वर्षं निवडला गेलाय, मूळ खोल जातं, रस शोषणाऱ्या किडींना बरं तोंड देतो, पानं मुरडणारा विषाणू त्याला लागत नाही. हे गुण जागेने दिलेत. बाजारातलं संकरित बी घेऊ नको म्हणतोस त्यातही अर्थ आहे, ते पहिल्या पिढीचं बी, तुझ्या शेतात त्याची कधी निवड झालेली नाही आणि पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर त्याचे गुण विखुरतात, म्हणून दरवर्षी विकत घ्यावं लागतं. निसर्गातला संकर हजारो पिढ्या मातीने चाळून घेतलेला असतो. तू या दोघांना एकाच नावाने बाद करू नको एवढंच माझं मागणं आहे.

जंभेरीची रोपं घेताना नर्सरीत स्वतः जा, वेगळ्या पानाची रोपं काढून टाकलीत का पाहा, डोळा जमिनीपासून चांगला वीतभर उंच भरलाय का पाहा. आणि एक काम माझ्यासाठी कर. तुझ्या बांधावर तुरीसारख्या पानांची, बारीक केसाळ शेंगांची, पिवळ्या फुलांची एखादी वेल असेल तर तिच्यावर तणनाशक मारू देऊ नको, ती रानतूर असण्याची शक्यता आहे. तुरीच्या संकरासाठी अशाच रानटी नातेवाईकांचा उपयोग झालाय. शेंगा वाळल्या की थोड्या कागदी पाकिटात ठेव, कोणत्या बांधावरच्या ते पाकिटावर लिही, मी फेब्रुवारीत एखाद्या रविवारी येतो तेव्हा घेतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा दोस्त