गुरुजी, तुम्ही खुर्ची फिरवलीत

गुरुजी,

तुम्हाला सगळे नुसत्या नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून ते काही येत नाही. पत्र मराठीत आहे, माझी लेक तुम्हाला समजावून सांगेल. इथे अमेरिकेत, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, माउंट एअरी गावाच्या बाजूला, एका परक्या बाईला काय मिळालं हे माझ्या माणसांनाही कळायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी मी इतर दारं ठोठावून पाहिली होती. एका शिक्षिकेने माझी व्हायोलिनचा गज धरायची पद्धत बघूनच नाक मुरडलं. नोटेशन येत नसेल तर शिकवणार नाही, असंही सांगितलं. मिरजेत लहानपणी मांडी घालून, नुसत्या कानाने जे शिकले ते त्यांच्या लेखी शून्य होतं. एका जॅममध्ये, म्हणजे गोलात बसून एकत्र वाजवायच्या बैठकीत, तर ‘काही दिवस गोलाबाहेर बसून ऐका’ म्हणाले, आणि ते काही दिवस कधी संपलेच नाहीत. गोड हसून सांगितलं म्हणून अपमान कमी होत नाही. त्याचा राग मला अजून आहे.

तुम्ही काही विचारलंच नाहीत. माझं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, हातात घेतलंत, खालच्या दोन तारा चढवल्यात आणि ए-ई-ए-ई लावून परत दिलंत. अहो, हे तर आमचं सा-प-सा-प! मी हरखून खमाजमधली एक धून वाजवली. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत आणि लगेच ‘जून ॲपल’ ही तुमच्याकडची धून सुरू केलीत. त्यातही तोच कोमल निषाद. सातासमुद्रापार घरचा स्वर भेटला आणि मला रडू आवरेना.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारच्या जॅमबद्दल. ओल्ड-टाइममध्ये, म्हणजे इथल्या जुन्या लोकसंगीतात, फिडल आणि बँजो गुडघ्याला गुडघा लावून बसतात. एकच धून पुन्हा पुन्हा फिरते, कुणी एकटा पुढे येऊन करामत दाखवत नाही. सगळी ताकद त्या दोघांच्या एकमेकांत गुंतलेल्या लयीत असते. मला सूर सापडत होते, पण गज सापडत नव्हता. आणि माझ्या जागेवरून तुमचा उजवा हातच दिसत नव्हता.

एक धून संपली. तुम्ही उठलात, खुर्ची उचललीत आणि फिरवून ठेवलीत. तुमचा उजवा हात थेट माझ्यासमोर आला, आणि ज्यांच्याबरोबर उभं आयुष्य वाजवलंत त्या बँजोवाल्या दोस्ताकडे तुमची जवळजवळ पाठ झाली. तोंडातून एक शब्द नाही. मग तीच धून पुन्हा धरलीत.

तेव्हा दिसलं सगळं. काडीवर थोडा वर धरलेला गज. सैल मनगट. एक लांब ओढ, तिच्या पाठोपाठ दोन आखूड झटके, आणि सम यायच्या आधीच पुढचा गज निघालेला! हे कुठलं नोटेशन सांगणार होतं?

टोस्ट गावचे फिडलवादक टॉमी जॅरल दारात आलेल्या अनोळखी पोरांना घरात ठेवून घेत आणि शिकवत, हे तुमच्याकडूनच ऐकलं. आयुष्यभर रस्ते खात्यात राबलेल्या त्या माणसाला 1982 मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. मिबन गावचे फिडलवादक जो थॉम्पसन उतारवयात तरुण मुलांना समोर बसवून आपल्या कृष्णवर्णीय पूर्वजांच्या धुनी देत राहिले. हे वादन कागदावर टिकलेलं नाही, अशा दिलदार माणसांमुळे टिकलंय. ज्यांना येतं त्यांनी हात आखडता घेतला असता, तर माझ्यासारखीला ऐकायला तरी काय उरलं असतं? साधा चांगुलपणा किती मोठं काम करून जातो, हे मी तुमच्याकडे पाहिलं.

ऑगस्टमध्ये गॅलॅक्स गावच्या फिडलर्स कन्व्हेन्शनला, फिडलवाल्यांच्या त्या मेळ्याला, मी येतेय. स्पर्धेसाठी नाही, तुमच्या तंबूत बसून वाजवायला.

आणि तुमच्या बँजोवाल्या दोस्तांना माझा नमस्कार सांगा. तुमचा हात दिसत नसताना, नुसत्या कानावर भरवसा ठेवून त्यांनी ती संध्याकाळ निभावली आणि चकार शब्द काढला नाही. त्यांचेही मनापासून आभार.

तुमची,
मिरजेची विद्यार्थिनी