एकोणीस पडदे

प्रिय अंकल,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही. धोबी तलावाच्या त्या गल्लीत सगळे तुम्हाला अंकल म्हणायचे, मीही म्हणालो. मागच्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो. तुमच्या गिटार दुरुस्तीच्या दुकानाच्या शटरवर आता एका कुरिअरवाल्याचा बोर्ड आहे. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "गोव्याला गेले, साष्टीत कुठंतरी." पत्ता त्याच्याकडेही नव्हता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर टाकतोय. गोव्यातला कुणीतरी वाचेल आणि घरापुढच्या एखाद्या बाल्कावावर बसून गिटारची खुंटी घासणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

१९९४ चा जून होता. डोंबिवलीहून लोकलनं, गर्दीत डोक्यावर धरून, मी तो बेस गिटार तुमच्याकडे आणला होता. सेकंडहँड जपानी कॉपी. पहिला पडदा, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, मी घरीच उपटला होता, आईच्या भाजी चिरायच्या सुरीनं. कुणीतरी सांगितलं होतं की जॅको पास्टोरियस या जॅझ बेसवाल्यानं स्वतःच्या बेसचे पडदे लोणी लावायच्या सुरीनं काढले. त्यानं काढले तर मी का नाही? पडद्याबरोबर लाकडाचा एक टवकाही निघाला. तुम्ही बेस उलटसुलट केला, त्या टवक्यावर अंगठा फिरवला आणि विचारलंत, "सुरी कुणाची?" मी म्हणालो, आईची. "तिला सांग, सुरी बरी आहे. पोरगा बिघडलाय." मग माझ्या खिशातला तो वाकडा पडदा मागून घेतलात आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवलात. म्हणालात, "पुढच्या गाढवाला दाखवायला."

बाकीचे एकोणीस तुम्ही काढलेत. घाई नव्हती. एकेका पडद्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवायचं, आतला जुना डिंक मऊ होईपर्यंत थांबायचं, मग तोंड घासून सपाट केलेल्या पकडीनं एका टोकापासून अलगद उचलत जायचं. लाकूड कुरकुरलं की तुम्ही थांबायचात, पुन्हा गरम करायचात. खाचांमध्ये फिक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवल्यात, म्हणजे पडदा गेला तरी त्याची रेघ राहील. वर इपॉक्सीचे थर चढवलेत, प्रत्येक थर वाळल्यावर पॉलिश पेपर. मी विचारलं, अ‍ॅरल्डाईट का? तुम्ही हसलात. "त्याचा मोठा भाऊ. बोटीला लावतात."

आणि मग हात चालू ठेवून गोष्ट सांगितलीत. जॅको १९५१ साली पेन्सिल्व्हेनियात जन्मला, पण वाढला फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलला, समुद्राच्या काठी. आधी ड्रम वाजवायचा. फुटबॉल खेळताना मनगट जायबंदी झालं आणि ड्रम सुटले. मग बेस. त्याला उभा मोठा बेसही हवा होता, जॅझवाल्यांचा, पण फ्लोरिडाच्या दमट हवेनं त्या लाकडाला तडे पाडले. उभ्या बेसचा आवाज आडव्या बेसमधून काढायचा तर पडदे नकोत. म्हणून १९६२ चा फेंडर जॅझ बेस बिनपडद्याचा झाला. पण तारा गोल वेटोळ्यांच्या, खरखरीत. त्या लाकूड खाऊन टाकतात. मग वर बोटीचं इपॉक्सी. तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवलंत. बाहेर मुसळधार पाऊस, भिंतीला ओल. "हीच हवा. त्याचा प्रॉब्लेम आपलाच प्रॉब्लेम." इतकी वर्षं मी जॅकोला अमेरिकन समजत होतो. त्या दिवसापासून तो मला समुद्राकाठचा, ओल्या हवेतला माणूस वाटायला लागला.

पैसे किती घेतलेत ते आठवत नाही, म्हणजे फार नसणार. जाताना तुम्ही दोन गोष्टी दिल्यात. एका खाकी पाकिटात एकोणीस पडदे ("पश्चात्ताप झाला तर परत लावून देईन") आणि एक टीडीकेची कॅसेट. ए बाजूला जॅकोची १९७६ ची पहिली रेकॉर्ड, बी बाजूला वेदर रिपोर्ट या त्याच्या बँडची ‘हेवी वेदर’, १९७७ ची.

त्या कॅसेटनं सहा महिने माझी वाट लावली. पहिलंच ‘डॉना ली’. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या नावावरची, सॅक्सोफोनच्या बोटांसाठी बनलेली चाल, आणि हा ती बेसवर वाजवतो, सोबतीला फक्त डॉन अलायसचे काँगा, हातानं वाजवायचे उभे ढोल. पियानो नाही, गिटार नाही. अडीच मिनिटांत संपतं. मी ते वेगानं वाजवायच्या मागे लागलो. तेव्हा आमचा एक ऑर्केस्ट्रा होता, गणपतीत आणि लग्नात वाजवणारा. एका कार्यक्रमात भावगीत चालू असताना मी मधेच ‘डॉना ली’चे चार तुकडे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी संचालकांनी निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नकोस, तुझा बेस फार बोलतो.

तुमच्याकडे येऊन रडगाणं गायलो. वाटलं होतं, तुम्ही म्हणाल त्यांना कळत नाही. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे त्यांचं." आणि टेपमध्ये जोनी मिचेल ही गायिका लावलीत. ‘हेजिरा’, तीही १९७६ चीच. नऊपैकी चार गाण्यांत जॅको आहे. "आयक मरे," तुम्ही म्हणालात, "ती श्वास घेते तेव्हा हा काय करतो ते आयक." ती गाते तेव्हा हा खाली नुसता असतो, एखादा स्वर धरून. तिची ओळ संपली की वर येतो, दोन शब्द बोलतो आणि पुन्हा खाली. आमच्याकडे सारंगीवाला गायकामागं जातो तसंच. बेसवाल्यानं असं बोलावं ही रीत तेव्हा नव्हतीच, पण बोलायचं कधी हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी त्याचे शब्द चोरले होते. वेळ चोरायची राहिली होती.

मग तुम्ही मला महिनाभर एकच काम दिलंत. दिवा बंद, एक सूर. पडदे असलेल्या बेसवर बोट पडद्याच्या जरा मागे दाबलं तरी चालतं, पडदा सांभाळून घेतो. बिनपडद्याच्या बेसवर बोटाचं टोक बरोबर रेघेवर हवं, केसभरही इकडं-तिकडं नाही. अंधारात तर रेघही दिसत नाही. "डोळे पडद्याचं काम करतात," तुमचं म्हणणं, "म्हणून डोळे बंद. तुझी आई गाते ना? तिला विचार, सा कुठं असतो."

आई भजनी मंडळात गायची, आधी रीतसर शिकलेली होती. तिचा तंबोरा घरात होता. मी तंबोऱ्यासमोर बसून सा धरायला लागलो. एका संध्याकाळी कॅसेटवर ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ चालू होतं आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "हा तंबोरा कोण जुळवतोय?"

मी तिला सांगितलं की हा तंबोरा नाही, बेस गिटार आहे, एकच माणूस आहे. तार दाबायची नाही, ठरावीक जागी नुसती शिवायची. अर्ध्यावर शिवली की वरचा सा, तिसऱ्या भागावर पंचम, चौथ्यावर त्याच्या वरचा सा. तारेच्या पाचव्या भागावर, म्हणजे चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे, शिवली की गंधार. आई तिथंच खाली बसली. "अगं बाई, हा तर स्वयंभू गंधार." तंबोरा नीट जुळला की जो आपोआप ऐकू येतो, तो. ती आयुष्यभर त्याची वाट बघत तंबोरा जुळवत आली होती, आणि फ्लोरिडातला एक पोरगा तोच गंधार बोटानं उचलून, बायकोच्या नावाची चाल त्यात बांधत होता. तो गंधार बरोबर पडद्यावर नसतोच, म्हणून पडदे मोजून तो सापडत नाही. हे मला पुस्तकातून कळलं असतं तर विसरलो असतो.

आणखी एक आईनंच सांगितलं. तुमच्या इपॉक्सीवर ती खरखरीत तार घासून कंप पावताना जो ‘म्वाँ’ असा आवाज निघतो, त्याला ती जवारी म्हणायची. घोडीवर धागा सरकवून तार पृष्ठभागाला जेमतेम स्पर्श करत ठेवली की तंबोरा बोलतो, तसंच. जॅको तारांचा आवाज उचलणाऱ्या मागच्या पिकअपवर, घोडीजवळ वाजवायचा, म्हणून त्याचा आवाज नाकात बोलल्यासारखा, माणसासारखा येतो. तुम्हाला हे मी पुढच्या वेळी सांगितलं तेव्हा तुम्ही काम थांबवून म्हणालात, "आईला एकदा घेऊन ये." मी नेलं नाही. राहून गेलं, अंकल. ती आता नाही.

पण आभार मानायचे ते मुख्यतः एका दुसऱ्याच गोष्टीचे. तुमच्या दुकानात शनिवारी पोरं जमायची आणि जॅकोचे किस्से सुरू व्हायचे. मायामीत तो वेदर रिपोर्टच्या झाविनुलला जाऊन भिडला आणि म्हणाला, जगातला सगळ्यात भारी बेसवाला मी आहे, आणि झाविनुलनं त्याला हाकललं. इथपर्यंत तुम्हीही हसायचात, कारण पुढचं खरं होतं: टेप ऐकून झाविनुलला वाटलं हा उभा बेस वाजवतोय, आणि पुढं पोरगा वेदर रिपोर्टमध्ये होता. पण किस्से पुढं सरकले की, म्हणजे दारू, रस्त्यावर राहणं, बागेत झोपणं, तुमचा चेहरा बदलायचा. आम्हाला त्यात काहीतरी शौर्य दिसायचं. मी तर कार्यक्रमाआधी क्वार्टर मारून जायला लागलो होतो आणि त्याला ‘मूड’ म्हणायचो. एकदा तसाच तुमच्याकडे आलो. तुम्ही बेस हातातून काढून घेतलात, केसमध्ये ठेवलात आणि केस बंद केलीत.

"तो आजारी होता," तुम्ही म्हणालात. "१९८२ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याचा आजार, कधी फार वर, कधी फार खाली. औषध नको होतं त्याला. १९८७ मध्ये एका क्लबच्या दारात मार खाल्ला, परत शुद्धीवर आला नाही. पस्तीस वर्षांचा. यात संगीत कुठं आहे, मला दाखव." मी काही बोललो नाही. "त्यानं जे वाजवलं ते आजार नसताना, रियाजानं. ‘हेवी वेदर’मधल्या ‘टीन टाऊन’वर बेस पण त्याचा, ड्रम पण त्याचे. दारू पिऊन वाजव तू, बघ येतंय का."

तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांनी हॉटेलांत रात्ररात्र वाजवून, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊन, यकृतं घालवलेली होती. तुम्ही स्वतःबद्दल काही बोलला नाहीत, पण काउंटरवर गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचा एक जुना फोटो होता आणि सी. रामचंद्रांचं नाव निघालं की तुम्ही उभे राहून बोलायचात. त्यावरून मी काय ते समजलो. त्या दिवसानंतर मी वाजवण्याआधी कधी घेतली नाही. वाजवून झाल्यावर घेतो, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर दुनियेत काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. १९८६ मध्ये न्यू यॉर्कला चोरीला गेलेला त्याचा तो बेस वीस वर्षांनी एका दुकानात सापडला, आणि मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या बेसवाल्या रॉबर्ट ट्रुहियोनं पैसे घालून तो त्याच्या घरच्यांकडे परत पोचवला. मेटॅलिका! हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला असता, मग हसला असता. आता मी ज्यांना शिकवतो ती पोरं फोनवर ‘डॉना ली’ अर्ध्या वेगात लावून आठवड्यात बसवतात. बोटं माझ्यापेक्षा कितीतरी पुढं. मी त्यांना टाळ्या देतो आणि दिवा बंद करतो. पहिल्या दिवशी सगळे बेसूर असतात. मला मात्र १९८१ चं ‘थ्री व्ह्यूज ऑफ अ सीक्रेट’ जास्त जवळचं, टूट्स थीलमन्सच्या माउथ ऑर्गनवालं. त्यात जॅको दाखवत काहीच नाही, फक्त चाल सांगतो. तुम्ही ते मला ऐकवलं नव्हतंत. म्हणजे एक तरी गोष्ट मी स्वतः शोधली.

नोकरी विम्याच्या ऑफिसात करतो, शनिवार-रविवार वाजवतो. ज्या संचालकांनी मला काढलं होतं त्यांच्याच मुलाच्या ऑर्केस्ट्रात. तोच बेस आहे. इपॉक्सी सातव्या पडद्याच्या रेघेपाशी थोडं झिजलंय, पावसाळ्यात मान वाकते, आत सळई फिरवून सरळ करतो, तुम्ही शिकवलंत तसं.

परवा कपाट आवरताना ते खाकी पाकीट सापडलं. पडदे मोजले, एकोणीस. पश्चात्ताप झालेला नाही, तेव्हा परत लावायची तसदी नको. फक्त एक सांगा, जमलं तर. दुकान आवरताना तो खिळ्यावरचा वाकडा विसावा पडदा तुम्ही टाकून दिलात, की बरोबर नेलात?

तुमचा,
डोंबिवलीचा बेसवाला